मोटारीची काच आणि झाडाचा डिंक

उन्हाळ्याच्या दिवसांत मराठवाड्यात सावलीइतकी मोलाची वस्तू दुसरी नसते. चैत्र-वैशाखात बालाघाटाच्या पठारावर ऊन असे रणरणते की, धाराशिव शहरात मोटार घेऊन आलेला गृहस्थ कामाचे ठिकाण गाठण्याआधी झाडाची सावली शोधतो. कडुलिंबाखाली जागा मिळाली तर तो स्वतःला भाग्यवान समजतो आणि निश्चिंतपणे कचेरीत किंवा बाजारात निघून जातो. तीन-चार तासांनी परत येऊन पाहतो, तो गाडी थंड असते. परंतु समोरच्या काचेवर पिंगट थेंब आणि बारीक चिकट शिंतोडे वाळून बसलेले असतात. पाण्याचा फवारा सोडून वायपर फिरवावा, तर डाग जाण्याऐवजी काचभर पसरतो. मग संताप येतो, आणि संतापाच्या भरात माणूस हाताला येईल ते साधन उचलतो. कोणी कोरड्या फडक्याने घासतो, कोणी रॉकेल ओततो, कोणी दाढीचे पाते चालवितो, तर कोणी झाडाची फांदीच तोडावयास निघतो. या चारही गोष्टी उतावळेपणाच्या आहेत. झाडाखाली काचेवर पडणारा डाग हा एकच एक पदार्थ नाही. त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत, आणि ज्या द्रवाने एक जात सुटते त्याच द्रवाने दुसरी अधिकच घट्ट बसते. म्हणून डाग काढण्यापूर्वी तो ओळखणे हे पहिले काम होय.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, पण तो केवळ टापटिपीचा नाही. दिवसा मोटार हाकणाऱ्याची नजर दूर रस्त्यावर लागलेली असते, त्यामुळे काचेवरचा लहानसा डाग त्याला जाणवत नाही. रात्री समोरून दुसऱ्या वाहनाचे दिवे आले म्हणजे मात्र चित्र पालटते. वाळलेला थेंब हे एक ओबडधोबड भिंगच असते. त्याच्यावर पडलेला प्रकाश सरळ न जाता चहूकडे फाकतो. डाग पुसट होऊन पसरलेला असला तर साऱ्या काचेवर प्रकाशाचे धुके दाटते, आणि त्या धुक्यामागे जे अंधूक आहे ते दिसेनासे होते. धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांवर असे अंधूक पुष्कळ असते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी या मार्गाने बीडकडे व पुढे धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातो. गाळपाच्या हंगामात, म्हणजे सामान्यतः दिवाळीच्या सुमारापासून पुढचे काही महिने, उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. त्यांतील कित्येकींच्या मागे दिवा नसतो. आश्विनात तुळजाभवानीच्या दर्शनास भाविकांचे जथेच्या जथे पायी निघतात, आणि उन्हाचा ताप चुकविण्यासाठी ते बहुधा रात्रीच चालतात. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक अन्य मार्गांनी वळविण्यात येते, ती याच गर्दीमुळे. परंतु पायी चालणारा भाविक त्या एकाच रस्त्यावर असतो असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे समोरच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. कारखान्यातून निघताना प्रत्येक काच ही अट पुरी करते. पुढे तिच्यावर चिकट थर साचू दिला तर त्या अटीचा उपयोग राहत नाही, कारण तेथे प्रश्न किती प्रकाश येतो हा नसून तो सरळ येतो की विखरून येतो, हा आहे.

आता डागांच्या जाती पाहू. त्यांची ओळख करून घेण्यासाठी रसायनशाळेची आवश्यकता नाही. मराठी घरांतील स्वयंपाकघर आणि सुताराचे दुकान या दोन ठिकाणी ते सारे ज्ञान फार पूर्वीपासून साठविलेले आहे.

पहिली जात डिंकाची. थंडीत घरोघर डिंकाचे लाडू होतात. त्या वेळी डिंकाचे खडे कढत तुपात सोडले म्हणजे आतील ओलाव्याची वाफ होऊन ते लाहीसारखे फुलतात, पण तुपात विरघळत नाहीत. तोच डिंक रात्री पाण्यात भिजत घातला तर सकाळी त्याची खळ झालेली असते. जुन्या काळी शाळेतील मुले बाभळीचा डिंक गोळा करून बाटलीत भिजवीत आणि वह्यांच्या पाठी व पतंग त्याने चिकटवीत. या दोन साध्या गोष्टींत डिंकाचा सारा स्वभाव आला. तो साखरेच्याच कुळातील रेणूंच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. ॲरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या शर्करा त्यात मुख्य असतात. म्हणून पाणी हा त्याचा सोयरा होय, तर तेल आणि तूप त्याला परके. स्पिरिटशी तर त्याचे वैरच आहे. डिंकाच्या पाण्यात स्पिरिट ओतले म्हणजे विरघळलेला डिंक पुन्हा वेगळा होऊन गुठळ्या धरतो. बाभूळ आणि कडुलिंब या मराठवाड्यातील दोन अगदी परिचित झाडांचा पाझर या जातीचा असतो. खोडाला किंवा फांदीला जखम झाली, आत किडीने पोखरले, अथवा उन्हाने व पाण्याच्या टंचाईने झाड कष्टी झाले म्हणजे ते डिंक गाळते. जखमेवर लावलेला तो त्याचा लेपच असतो. साहजिकच ज्या ऋतूत माणसे सावली शोधतात त्याच ऋतूत डिंकही अधिक गळतो.

दुसरी जात राळेची. हिचे गुण सुताराला विचारावेत. लाकडास चकाकी आणण्यासाठी तो लाखेचा चपडा भिजवितो तो पाण्यात नव्हे, स्पिरिटमध्ये. लाख ही वस्तुतः पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याची निर्मिती आहे, परंतु गुणाने ती राळेच्याच जातीची. राळ पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळते. चीड, देवदार इत्यादी सूचिपर्णी वृक्षांचा पाझर असा असतो, आणि चिडाच्या राळेचे ऊर्ध्वपातन करूनच टर्पेंटाईन तेल काढतात. त्यामुळे चिडाची राळ टर्पेंटाईनने निघते यात नवल नाही. लेक आईला ओळखते इतकाच त्याचा अर्थ. आपल्या भागातील ओळखीचे उदाहरण म्हणजे आंबा. कैरी तोडताना देठातून उडणारा चीक अंगावर पडला तर कातडी भाजते. त्यात तेलकट व राळेसारखे अंश असतात, आणि निव्वळ पाण्याने तो पुरता सुटत नाही.

तिसरी जात दुधी चिकाची. वड, पिंपळ, उंबर यांचे पान खुडले की पांढरा चीक ओघळतो. त्यात रबराचे सूक्ष्म कण तरंगत असतात. वाळल्यावर तो लवचीक होतो आणि नखाने ओढला तर त्याचे तंतू निघतात. याची परीक्षा कोकणातील गृहिणी दरवर्षी देते. फणस कापण्यापूर्वी ती विळीला आणि हातांना तेल चोपडते, कारण फणसाचा चीक पाण्याने धुतला असता अधिकच चिवट होतो, तेलाने मात्र सैल पडतो. मराठवाड्यात शेळ्यांसाठी वडा-उंबराचे डहाळे तोडले जातात. अशा ताज्या तोडलेल्या फांदीखाली गाडी उभी असली तर हे पांढरे थेंब काचेवर पडतात.

या तिन्ही जाती सर्वत्र इतक्या काटेकोर वेगळ्या असतातच असे नाही. काही झाडांच्या पाझरात डिंक आणि राळ दोन्ही असतात, शेवग्याचा डिंक पाण्यात विरघळण्याऐवजी नुसता फुगतो. तथापि व्यवहाराला ही वाटणी पुरेशी आहे.

चौथी जात अशी आहे की तिचा दोष झाडाच्या माथी मारला जातो, पण तिच्याशी झाडाचा प्रत्यक्ष संबंध नसतो. धाराशिव हा रब्बी ज्वारीचा मुलूख. येथील शेतकऱ्याला ‘चिकटा पडला’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ज्वारीच्या पानांवर मावा आला म्हणजे ती कीड पानातील गोड रस शोषते आणि न पचलेली साखर बाहेर टाकते. पाने चकचकीत व चिकट होतात, तोच चिकटा. हाच प्रकार झाडांवरही घडतो. आंब्याला मोहोर आला असता तुडतुडे असा चिकटा पाडतात. अन्य झाडांवर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण ते काम करतात. पानाखालून सुटलेले हे सूक्ष्म थेंब खाली उभ्या असलेल्या गाडीवर रात्रभर शिंपडले जातात. वर्षावृक्ष या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आपल्याकडे आलेल्या झाडाला ते नाव पडण्याचे एक कारण झाडावरील किडींचा हाच शिडकावा असल्याचे सांगतात. चिकटा काही दिवस तसाच राहिला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, आणि मग लोक डांबर पडले असे समजतात. प्रत्यक्षात ते साखरेचे पाणी असते आणि पाण्यानेच जाते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. काचभर सारखे विखुरलेले, मोहरीहून लहान आणि चकचकीत ठिपके दिसले तर तो चिकटा समजावा. एखाद-दुसरा जाड, पिंगट, काचेसारखा कठीण थेंब असेल तर तो डिंक. थेंब मळकट पांढरा, दाबला तर लवणारा असा असेल तर तो दुधी चीक. उन्हात मऊ पडणारा, उग्र वासाचा आणि पाण्याने किंचितही न बदलणारा असेल तर ती राळ. तरीही संशय राहिला तर ओले बोट थेंबावर मिनिटभर टेकवून धरावे. बोटाला चिकटपणा लागला म्हणजे पाण्याचे काम सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. मोटार ही युरोप-अमेरिकेकडून आली, आणि तिच्या निगेची पुस्तकेही तिकडूनच आली. त्या थंड मुलखांत रस्त्याकडेला सूचिपर्णी झाडे विपुल, म्हणून काचेवरील झाडाचा डाग म्हटला की त्या पुस्तकांत स्पिरिट आणि टर्पेंटाईन यांची नावे प्रथम येतात. त्या देशांपुरता तो सल्ला बिनचूक आहे. धाराशिवच्या कडुलिंबाखाली मात्र तोच सल्ला उलटा पडतो. बाभळीच्या किंवा लिंबाच्या डिंकावर स्पिरिट चोळले तर डिंकातील उरलासुरला ओलावा निघून जातो आणि तो अधिक कठीण होतो. मग ‘औषध निकामी’ म्हणून माणूस पाते उचलतो आणि काचेला कायमचे ओरखडे पाडतो. औषध निकामी नव्हते, रोगाची परीक्षा चुकली होती.

काचेविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. मोटारीची समोरची काच एकेरी नसते. काचेचे दोन पातळ तक्ते आणि त्यांमध्ये पारदर्शक, चिवट पदार्थाचा पापुद्रा अशी तिची घडण असते. या कल्पनेचे जनकत्व एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच रसायनज्ञाकडे जाते. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतील काचेचे एक भांडे खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. पुढे १९०९ मध्ये त्याने अशा काचेचा एकाधिकार मिळविला. योगायोग असा की, ज्या वायपरने आपण डाग पसरवितो त्याचा एकाधिकार अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंना १९०३ मध्येच मिळाला. अपघातात समोरची काच फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत, हा या दुहेरी घडणीचा लाभ होय. परंतु तिचा पृष्ठभाग शेवटी काचेचाच. उन्हात तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी, किंवा थंड काचेवर उकळते पाणी ओतले, आणि तिला आधीच खड्याचा बारीक टवका गेलेला असला, तर त्या जागेपासून तडा धावत जाण्याचे भय असते.

दुसरे भय धुळीचे. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची जी एक ते दहा अंकांची मोजपट्टी घातली, तीत काचेचा क्रमांक सुमारे साडेपाच लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात फेल्डस्पार हे खनिज भरपूर असते, आणि त्याचा क्रमांक सहा आहे. गारगोटीचा क्रमांक तर सात. म्हणजे धाराशिवच्या रस्त्यावर उडणारी धूळ काचेला ओरखडा काढण्याइतकी कठीण आहे. कोरड्या फडक्याने काच पुसणे म्हणजे तिच्यावर बारीक वाळू घोळणे होय. असे ओरखडे दिवसा दिसत नाहीत, रात्री समोरच्या दिव्यात मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात, आणि ते कोणत्याही द्रवाने निघत नाहीत. डाग आज ना उद्या जातो, ओरखडा मात्र काचेबरोबरच जातो.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सावलीत, शक्यतो सकाळच्या थंड वेळी उभी करावी आणि काच हाताला गार लागेपर्यंत थांबावे. वायपरच्या दांड्या अलगद उचलून ठेवाव्यात. काम पुरे होईपर्यंत वायपर चालवू नये. प्रथम एक तांब्या पाणी काचेच्या वरच्या कडेने हळूहळू सोडावे आणि धूळ वाहून जाऊ द्यावी. या वेळी फडके लावू नये. मग जुन्या धोतराचा किंवा पंचाचा मऊ सुती तुकडा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, डागांवर घडी करून ठेवावा. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे. दहा ते वीस मिनिटे ती घडी तशीच राहू द्यावी आणि सुकू लागली तर वर ओंजळभर पाणी शिंपडावे. जखमेवर पोटीस बांधावे तसाच हा प्रकार आहे. डिंक पाणी पिऊन फुगतो, त्याचा जेलीसारखा लगदा होतो आणि काचेवरची त्याची पकड सुटते. नंतर ती घडी उचलून लगदा बोटाने किंवा जुन्या, निरुपयोगी झालेल्या प्लास्टिकच्या पत्त्याच्या कडेने एका बाजूला सारून टिपून घ्यावा. गोल गोल घासू नये. जुना डिंक एका खेपेस निघाला नाही तर घडी पुन्हा ठेवावी. बळ वाढविण्यापेक्षा वेळ वाढवावा, हे या साऱ्या कृतीचे मर्म होय. चिकटा तर पहिल्याच खेपेस निघून जातो. काळी बुरशी धरली असेल तर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत.

पाण्याची पोटीस दोनदा ठेवूनही जो थेंब जसाच्या तसा राहिला, तो डिंक नव्हे हे सिद्ध झाले. आता स्पिरिटची पाळी. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन केवळ त्या थेंबावर अर्धे मिनिट टेकवावे आणि राळ मऊ पडताच टिपून घ्यावी. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ घरांत हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाच्या बाटल्या शिल्लक राहिल्या. त्यांतही स्पिरिट असते, पण हाताची कातडी मऊ राहावी म्हणून ग्लिसरीनही मिसळलेले असते. ते काचेवर तेलकट पट्टा ठेवते, म्हणून तो द्रव वापरलाच तर मागून साबणाने धुवावे. स्पिरिट रंगावर, वायपरच्या रबरावर व काचेच्या कडेच्या रबरी पट्टीवर ओघळू देऊ नये, आणि काम चालू असता जवळपास विडी, सिगारेट किंवा कोणताही विस्तव असू नये.

दुधी चिकासाठी स्वयंपाकाचे गोडे तेल बोटभर घेऊन थेंबावर चोळावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. चीक सैल होऊन गुंडाळी धरतो. तेल वापरल्यावर साबणाच्या पाण्याने ती जागा निदान दोनदा धुतलीच पाहिजे. काचेवर राहिलेला तेलाचा पातळ थर रात्री डागापेक्षाही अधिक त्रास देतो. याच कारणाने रॉकेलचा वापर टाळावा. ते चीक सोडविते हे खरे, पण मागे थर ठेवते आणि रबर फुगविते.

पाते हे शेवटचे साधन, आणि तेही समोरच्या काचेच्या बाहेरच्या बाजूसच. ते कोरे असावे, मुठीत बसविलेले असावे, काच साबणाच्या पाण्याने निथळत असावी आणि पाते काचेला जवळजवळ लोळवून एकाच दिशेने पुढे सारावे. मागे ओढू नये. गंजलेले किंवा टोक मोडलेले पाते कधीही घेऊ नये. मागच्या काचेच्या आतील बाजूस ऊब देणाऱ्या बारीक तारा असतात, तेथे पाते लावले तर त्या तुटतात. पुढच्या दिव्यांवरील आवरण हल्ली काचेचे नसून प्लास्टिकचे असते, म्हणून तेथे पाते, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर यांपैकी काहीच चालत नाही. पाण्याची पोटीस तेवढी चालते. भांडी घासण्याची तारेची घासणी आणि चुलीतील राख ही दोन साधने पितळेच्या तपेल्यासाठी ठीक आहेत; काचेपाशी त्यांना येऊ देऊ नये.

डाग निघाला म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते. वायपरच्या रबराची कड या वेळी विसरली जाते. तिच्यात डिंकाचे कण अडकून राहतात आणि पुढच्या फेऱ्यात काचेवर पुन्हा तीच अर्धवर्तुळे उमटतात. ओल्या फडक्याने रबराची कड टोकापासून टोकापर्यंत दोन-तीन वेळा पुसून घ्यावी. रबर कडक किंवा भेगाळलेले असेल तर ते बदलावे. शेवटी काच स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी. मराठवाड्यात बहुतेक घरी विंधन विहिरीचे पाणी असते आणि ते जड असते. काचेवर ते आपोआप वाळू दिले तर चुन्याचे पांढरे ठिपके उरतात, आणि एक डाग काढून दुसरा लावल्यासारखे होते. पिण्यासाठी गाळलेले पाणी शेवटच्या धुण्यास वाटीभर घेतले तरी पुरते. चुन्याचे ठिपके आधीच बसले असतील तर ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने जातात.

पाण्याचा विषय निघाला म्हणून हेही सांगावयास हवे. या जिल्ह्यात उन्हाळा आला की कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी नळी सोडून गाडी धुणे शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. नळीचे पाणी काचेवरून क्षणात वाहून जाते. डिंकाला ते पिण्यास अवसरच मिळत नाही, म्हणून बादल्यांमागून बादल्या जातात आणि थेंब जागचा हलत नाही. भिजलेल्या घडीतील पाणी थोडे असूनही डिंकापाशी थांबते. वर सांगितलेल्या सर्व कृतीला दोन-तीन तांबे पाणी पुरते.

परीक्षा मात्र रात्री करावी. गाडी अंधारात उभी करून आत बसावे आणि दूरच्या एखाद्या दिव्याकडे काचेतून पाहावे. दिव्याभोवती वलय किंवा त्यातून फुटलेले पट्टे दिसले तर थर उरला आहे असे समजून त्या जागा पुन्हा धुवाव्यात. काचेच्या आतील बाजूसही धुरकट थर बसतो. तो ओल्या फडक्याने पुसून काढावा, नाहीतर बाहेरील श्रम व्यर्थ जातात.

हे सारे करण्यापेक्षा झाडच नको, असे म्हणणारेही आहेत. दारापुढच्या कडुलिंबाच्या फांद्या गाडीवर येतात म्हणून त्या छाटण्याची, प्रसंगी झाड मुळापासून काढण्याची भाषा शहरातील नव्या वसाहतींत ऐकू येते. धाराशिव हा महाराष्ट्रातील अत्यल्प वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येडशीच्या रामलिंग घाटातील अभयारण्यासारखे थोडे भाग सोडले तर येथे सावली आहे ती रस्त्याकडेच्या आणि दारापुढच्या झाडांचीच. शहरांतील झाडे विनापरवाना तोडण्यास महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने प्रतिबंध आहे, हे तर झालेच. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी हा व्यवहार तोट्याचा आहे. फांदी छाटली की झाडाला नवी जखम होते, आणि जखम झाली की डिंक अधिक गळतो. ज्या उपद्रवासाठी कुऱ्हाड उचलली तोच उपद्रव कुऱ्हाडीने वाढतो. छाटणी खरोखर अवश्य असेल तर ती जाणत्या माणसाकडून, योग्य ऋतूत आणि परवानगीने व्हावी.

याहून सोपे उपाय हाताशी आहेत. डिंक गळतो तो बहुधा एखाद्याच जखमी फांदीतून. ती कोणती हे पाहून गाडी दोन हात बाजूस लावली तरी पुष्कळदा भागते. रोज त्याच झाडाखाली उभे राहणे भाग असेल तर काचेवर जुनी सुती चादर टाकावी. मात्र ती झटकून, धूळ नाही असे पाहून टाकावी. डाग पडला तर त्याच दिवशी ओले फडके लावावे. ताजा डिंक मिनिटात सुटतो, आठवडाभर उन्हात भाजलेला तास घेतो. एखाद्या झाडाखाली नित्य चिकटा पडत असेल, त्याच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसत असेल, तर ते झाड आजारी आहे असे समजावे आणि त्याच्यावर उपचार करावा. मुंग्या त्या गोड रसासाठी किडींची राखण करीत असतात. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी हा शेतकऱ्यांच्या परिचयाचा उपाय अशा किडींवर उपयोगी पडतो. म्हणजे ज्या कडुलिंबावर लोक रागावतात, त्याचेच बी शेजारच्या झाडाचे औषध होते.

तेव्हा काचेवर डाग दिसला की आधी पाणी, पाण्याबरोबर धीर, आणि पाण्याने दाद न दिली तरच स्पिरिट किंवा तेल, हा क्रम घरातील जो कोणी गाडी हाकतो त्याला सांगून ठेवावा. विशेषतः आश्विनात आणि गाळपाच्या दिवसांत, रात्रीच्या प्रवासास निघण्यापूर्वी, इंधन आणि चाकांतील हवा पाहिली जाते त्याबरोबरच काचही पाहिली जावी. रस्त्याच्या कडेने अंधारात चालणाऱ्या माणसाला आपण दिसत आहोत की नाही हे कळत नसते. ते पाहण्याची जबाबदारी काचेच्या आत बसलेल्या माणसाची आहे.